एकेचाळीस नंबरची डबी

शिवकांताआक्कांना जाऊन तीन महिने झाले. त्यांच्या मातीच्या वेळी रुद्रभूमीत, म्हणजे लिंगायतांच्या दफनभूमीत, जो प्रकार झाला, त्याविषयी गावात निरनिराळे बोलले जाते. बोलणाऱ्यांना सर्व हकीगत माहीत नाही. मला माहीत आहे, कारण बहुतेक ठिकाणी मी त्यांच्याबरोबर होतो. म्हणून जे घडले ते मी क्रमाने लिहीत आहे.

आक्का आमच्याच गल्लीत राहत. कडक भाकरी करून विकणे हा त्यांचा व्यवसाय होता. ज्वारीची भाकरी अगदी पातळ थापून तव्यावर भाजायची आणि मग चुलीच्या कडेला उभी ठेवून पापडासारखी कडक होऊ द्यायची. अशी भाकरी पंधरा दिवस टिकते. येरमाळ्याच्या यात्रेत त्या दोन टोपल्या घेऊन बसत आणि दुपारपर्यंत टोपल्या रिकाम्या होत. आयुष्यभर जाळाजवळ बसल्यामुळे त्यांच्या उजव्या हाताची बोटे टणक झाली होती. तवा उतरवायला त्यांना फडके लागत नसे.

आक्का लिंगायत होत्या. मी, हरिबा, धनगर आहे. त्यामुळे त्यांच्या धर्मातील गोष्टी मी पाहून आणि विचारून शिकलो. लिंगायतांच्या घरी मूल जन्मले की स्वामी येऊन त्याला लिंग देतात. ते काळे, बोराएवढे असते. चांदीच्या लहान डबीत ठेवून ते दोऱ्याने गळ्यात बांधतात. त्या डबीला करडगी म्हणतात. आक्का रोज सकाळी आंघोळ करून ते लिंग डाव्या तळहातावर घेत, त्यावर पाणी घालत, विभूती लावत, बेलाचे पान ठेवत आणि मगच चहा घेत. हे लिंग मरेपर्यंत अंगावेगळे करायचे नसते. माणूस गेला की त्याला बसवून मातीत ठेवतात आणि त्याचे तेच लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. एकाचे लिंग दुसऱ्याला चालत नाही. हे नीट ध्यानात घेतल्याशिवाय पुढील हकीगत समजणार नाही.

आक्कांच्या वडिलांचे नाव वीरप्पा. पोलीस अॅक्शनच्या आधीचा, १९४८ चा उन्हाळा होता. राज्य निजामाचे होते. पिकलेल्या ज्वारीतून ठरलेला हिस्सा सरकारला घालावाच लागे, त्याला लेव्ही म्हणत. त्या वर्षी पीक थोडे आले. वीरप्पांनी दोन पोती ज्वारी अंगणातल्या पेवात, म्हणजे जमिनीत खणलेल्या धान्याच्या खड्ड्यात, लपवली. कोणीतरी चहाडी केली. शिपाई आले, त्यांनी पेव उकरले आणि वीरप्पांना दोर लावून कळंबच्या दिशेने नेले. तेथून पुढे कोठे नेले हे कोणालाच कळले नाही. आक्का तेव्हा पाळण्यात होत्या.

पावसाळ्यात पोलीस पाटलाच्या हाती एक कागद आला. कागद उर्दूत होता. आक्कांची आई नीलव्वा यांना कोणतेच अक्षर येत नव्हते. भावकीत त्यांचे चुलत दीर शिवप्पा हे कळंबच्या अडतीवर मुनीम होते. गावात वाचणारा माणूस म्हणून त्यांचाच मान होता. चार माणसांसमोर त्यांनी कागद हातात घेतला, वरून खाली पाहिला आणि सांगितले की वीरप्पा सुटला आहे, सोलापूरला गिरणीत कामाला लागला आहे, तिकडे त्याने दुसरे घर केले आहे आणि आता तो येणार नाही.

नीलव्वांनी तो कागद त्यांच्या हातातून घेतला, घरात नेला आणि चुलीत घातला. त्याच जाळावर त्यांनी त्या दिवशीची भाकरी केली, असे आक्का सांगत.

त्यानंतर नीलव्वा त्रेचाळीस वर्षे जगल्या. नवरा जिवंत आहे म्हणून कुंकू पुसता येत नव्हते आणि सोडून गेला आहे म्हणून कुंकू लावून चार बायकांत बसता येत नव्हते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेल्या तर कोणीतरी म्हणे, "सोलापूरकरीण आली गं. हिला दोन बोटं जास्त लावा, मालक गिरणीत हायत." पुढे त्यांनी जाणेच सोडले. आक्कांना पोरे 'गिरणीवाल्याची' म्हणत. पळून गेलेल्या माणसाची मुलगी म्हणून चांगले स्थळ येईना. शेवटी वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना परंड्याच्या एका चाळीस वर्षांच्या बिजवराला दिले. तो पंधरा वर्षांनी वारला. आक्का लहान मुलाला घेऊन माहेरी आल्या आणि तव्यासमोर बसल्या, त्या शेवटपर्यंत.

एकदा, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्या सोलापूरला गेल्या होत्या. गिरणीचा भोंगा झाल्यावर फाटकातून बाहेर पडणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची तोंडे पाहत त्या तीन दिवस उभ्या राहिल्या. बापाचे तोंड कसे होते हे त्यांना माहीत नव्हते. हे त्यांनी मला स्वतः सांगितले. मी विचारले, "मग वळखणार कसं व्हता?" त्या म्हणाल्या, "त्यानं मला वळखलं असतं की. मी आयवर गेलीया."

तीन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत प्रौढांचा साक्षरता वर्ग सुरू झाला. अंगणवाडीच्या खोलीत दुपारी तीन ते पाच. शिकवणारी सोनाली ही गल्लीतलीच सून. आम्ही तिला बाई म्हणत असू आणि ती आम्हाला मामा, आजी म्हणे. वर्गात आम्ही अकरा जण होतो. आक्का सर्वांत वयस्कर होत्या. त्यांचे अक्षर टपोरे होते आणि वाचताना त्या प्रत्येक अक्षरावर बोट ठेवत. वर्गाच्या दुसऱ्या वर्षी, जानेवारी महिन्यात, सोनालीने आमची सहल टोपीकराच्या कोटावर नेली.

हा कोट बालाघाटाच्या एका टेकडीवर आहे. आमचा जिल्हा काही वर्षे इंग्रजाच्या ताब्यात होता, तेव्हा त्याने तो बांधला, असे दारावरच्या पाटीवर लिहिले आहे. इंग्रज गेल्यावर निजामाने त्याचा तुरुंग केला. पुढे तो बंद होता. सहा वर्षांपूर्वी साफसफाई करून तेथे संग्रहालय केले आहे. खाली गाड्या लावायला जागा आहे आणि तेथून वर दोनशे दहा पायऱ्या आहेत.

आमच्या वर्गातील दगडाबाई यांना बोलल्याशिवाय राहवत नाही. शंभराव्या पायरीवर बसून त्या म्हणाल्या, "टोपीवाल्याला यवढ्या वर घर बांधायचं काय नडलं व्हतं? त्याचं गुडघं काय लोखंडाचं व्हतं का?"

"त्याला कोण चढायला सांगतंय? त्याला पालखीतनं न्ह्यायचं," आक्का म्हणाल्या.

"मग आपल्याला बी सांगा की पालखी. हरिबाभाऊ, वाका जरा."

आम्ही हसत हसत वर गेलो. पहिल्या दालनात बंदुका होत्या, दुसऱ्यात नाणी आणि जुनी भांडी. तिसरे दालन तुरुंगाचे होते. भिंतीवर एक मोठी यादी लावली होती. कोठीत तुरुंगाची उर्दू नोंदवही सापडली, तिच्यातील काही पानांचे ते मराठी भाषांतर होते. सोनाली म्हणाली, "आजी, एक ओळ तुम्ही वाचा. कुठलीबी."

आक्कांनी बोट ठेवले. त्यांनी ओळ निवडली नव्हती. बोट जेथे पोहोचले तेथून त्या वाचू लागल्या.

"ए-के-चा-ळी-स. वी-र-प्पा. व-ल्द. शं-भु-लिं-ग." येथे त्या थांबल्या. "बाई, वल्द म्हंजे?"

"वल्द म्हणजे मुलगा, आजी. शंभुलिंगाचा मुलगा वीरप्पा."

आक्कांनी पुढचा शब्द वाचला. ते आमच्या गावाचे नाव होते. त्यापुढे लिहिले होते: गुन्हा, लेव्हीचे धान्य लपविणे. मयत, पटकीने. फसली सन १३५७. वारसास कागद रवाना.

फसली १३५७ म्हणजे त्या उन्हाळ्याचेच वर्ष. ही सर्व अक्षरे आक्कांनी एकेक करून मोठ्याने वाचली. आम्ही दहा जण मागे उभे होतो. दगडाबाईंनी तोंडाला पदर लावला. आक्कांनी ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग त्या म्हणाल्या, "कागद आलता." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "कागद आलता, हरिबा. त्यो ह्यो कागद व्हता."

सोनालीला जुनी गोष्ट ठाऊक नव्हती. ती म्हणाली, "आजी, काय झालं?"

"शिवप्पाकाकाला उर्दू येत न्हवतं," आक्का म्हणाल्या. "दुसरं काय न्हाय. येत न्हाय म्हणायला जीभ उचलली न्हाय, चार माणसं बसली व्हती म्हणून."

शिवप्पा मरून पन्नास वर्षे झाली. जमिनीच्या लोभाने त्यांनी खोटे सांगितले असेल, असे गावात काही जण आता म्हणतात. आक्कांनी तसे कधी म्हटले नाही.

यादीच्या खाली काचेची पेटी होती. बंदिवानांच्या वस्तू तिच्यात ठेवल्या होत्या. चिलीम, कंगवा, ताईत, एक कानातली बाळी. प्रत्येक वस्तूला पत्र्याचा जुना बिल्ला बांधलेला होता. एकेचाळीस नंबरचा बिल्ला एका काळवंडलेल्या चांदीच्या डबीला होता. समोर चिठ्ठी होती: तपकिरीची डबी.

"तपकीर?" आक्कांनी काचेवर हात ठेवला. "ही करडगी हाय."

पहारेकरी म्हणाला, "मावशी, काचंला हात लावू नका."

आक्कांनी पदराआडून आपली करडगी बाहेर काढली आणि काचेजवळ धरली. दोन्ही डब्यांचा आकार एकच होता.

पहारेकऱ्याने कार्यालयातून युवराज नावाच्या अधिकाऱ्यांना बोलावले. ते तिशीतले आहेत. मी येथे स्पष्ट लिहितो की त्यांनी कधीही आम्हाला अपमानाने वागवले नाही. त्यांनी सांगितले की कोठीत एक पेटी सापडली, तिच्यात मेलेल्या बंदिवानांच्या वस्तू होत्या, आणि चिठ्ठ्या लिहिणारा माणूस बाहेरगावचा होता, त्याला करडगी माहीत नसावी.

"उघडून बगितली का?" आक्कांनी विचारले.

"बिजागरी गंजून बसलीय, आजी. जोर केला तर मोडंल म्हणून उघडली नाही. हलवली की आत काहीतरी वाजतं."

"लिंग हाय ते," आक्का म्हणाल्या. "माणूस कुठं पुरलाय?"

युवराज साहेब आम्हाला खिडकीपाशी घेऊन गेले. मग त्यांनी खिडकीतून खाली बोट दाखवले. पटकीच्या साथीत मेलेल्या सर्वांना पायथ्याशी एका चरात पुरले होते. आता तेथे फरशी बसवून गाड्या लावायची जागा केली आहे. आमच्या दोन्ही जीपगाड्या तेथेच उभ्या होत्या.

उतरताना आक्का प्रत्येक पायरीवर थांबत होत्या. खाली आल्यावर त्या गाडीत बसेनात. चप्पल काढून फरशीच्या कडेला, मातीत उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "माझा बाप शाहत्तर वर्सं लिंगाबिगर मातीत हाय. ह्या फरशीखालनं त्याला काढता याचा न्हाय. पर लिंग हाय. ते मी नीणार. आयच्या शेजारी मातीत ठिवणार. यवढं झालं की मी मोकळी."

दुसऱ्या दिवशीपासून त्या अर्ज लिहायला बसल्या. सोनाली लिहून देते म्हणाली, परंतु त्यांनी ऐकले नाही. तीन दिवस लागले, चार कागद खराब झाले. अर्जात त्यांनी लिहिले होते: "एकेचाळीस नंबर माझे वडील आहेत. डबी तुम्हाला राहू द्या. चांदी मला नको. आतले लिंग मला द्यावे. ते मातीत ठेवायचे असते."

उत्तर पाच महिन्यांनी आले. वस्तू शासकीय संग्रहात नोंदलेली असल्याने ती परत देण्याचा विचार करण्यासाठी तीन कागद जोडावेत, असे त्यात होते. वीरप्पांच्या मृत्यूचा दाखला, आक्का वारस असल्याचा दाखला, आणि तुरुंगाने वारसास पाठवलेला मूळ कागद.

आक्कांनी पत्र स्वतः वाचले. तिसऱ्या कागदापाशी आल्यावर त्यांनी पत्राची घडी घातली. "त्यो कागद आयनं चुलीत घातला," त्या म्हणाल्या. "कागदाचा काय गुन्हा न्हवता."

उरलेल्या दोन दाखल्यांसाठी मी त्यांच्याबरोबर तीन वेळा तालुक्याला आणि दोन वेळा धाराशिवला गेलो. जुन्या दप्तरात वीरप्पांच्या नावापुढे 'परागंदा' असा शेरा निघाला. शिवप्पांनी तेव्हा जे सांगितले तेच गावाच्या कागदावर चढले होते. लिपिक म्हणाला, "बाई, आमच्या रेकॉर्डला तुमचे वडील पळून गेलेत. पळून गेलेला माणूस आणि तुरुंगात मेलेला माणूस एकच, हे कशावरून?"

"एका गावात एका बापाचं दोन वीरप्पा असत्यात व्हय?" आक्कांनी विचारले.

"असू शकतात."

"तुमच्या घरात असत्याल," आक्का म्हणाल्या आणि उठल्या.

मी युवराज साहेबांना भेटून ही अडचण सांगितली. लिंग देणे त्यांच्या अधिकारात नव्हते. त्यांनी वर लिहून दुसरी एक परवानगी मिळवली. अर्जदार बाईंना धार्मिक भावनेस्तव एकदा, अर्धा तास, संग्रहालयातच, वस्तूची पूजा करता येईल. वस्तू दालनाबाहेर नेता येणार नाही. ही परवानगी श्रावणात आली.

आमच्या गावचे सोमलिंग स्वामी येणार होते, पण दोनशे दहा पायऱ्या त्यांच्याने चढवणार नव्हत्या. म्हणून आक्का आणि मी असे दोघेच गेलो. आक्कांनी विभूती, तांब्यात पाणी आणि बेलाची पाने घेतली होती. आदल्या दिवसापासून त्यांनी काही खाल्ले नव्हते. वर पोहोचायला दीड तास लागला.

युवराज साहेबांनी बिजागरीला तेल सोडून ठेवले होते. हातमोजे घालून त्यांनी हळूहळू डबी उघडली. आत लिंग होते. इतक्या वर्षांनीही ते काळेभोर होते. त्यांनी डबी पाटावर ठेवली आणि म्हणाले, "आजी, तुम्ही निवांत करा. मी तिकडं तोंड करून उभा राहतो." ते खिडकीकडे वळले. मी दारात उभा होतो. मला आक्कांची पाठ दिसत होती.

अर्धा तास त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. पाणी पडल्याचा आवाज आला. मग त्या कानडीत काहीतरी पुटपुटत राहिल्या. ते शब्द त्यांना आईने शिकवले होते. वेळ संपल्यावर त्यांनी स्वतःच डबी मिटली आणि युवराज साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी डबी हलवून पाहिली. आत वाजले. त्यांनी वहीत वेळ लिहिली आणि आक्कांची सही घेतली. आक्कांनी पूर्ण नाव लिहिले.

परतीच्या एसटीत आक्का खिडकीशी बसल्या होत्या. घाट उतरल्यावर त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "हरिबा, उद्या सकाळी कुदळ घिऊन ये. रुद्रभूमीत. आयच्या समाधीपाशी हातभर खड्डा घ्याचा हाय."

"कशाला?"

"बाप माज्या गळ्यात हाय."

मला प्रथम समजले नाही. मग त्यांनी पदरावरून गळ्यातल्या करडगीला हात लावला. "ह्यात त्यो हाय. त्येंच्या डबीत माजं ठिवलं."

मी म्हणालो, "आक्का, आवं हे काय केलंत? तुमचं काय आता?"

"लिंग लिंगासारकं दिसतंय. साहेबाच्या वहीला एक पायजे, त्याला एक हाय. त्याचं कमी झालं न्हाय."

"मी त्येचं न्हाय विचारत. तुमच्या हातावर काय ठिवायचं मागनं?"

येरमाळ्याला उतरेपर्यंत त्यांनी करडगीवरचा हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी खड्डा घेतला. आक्कांनी आपल्या हाताने तळाला विभूती आणि बेल अंथरले, लिंग ठेवले आणि मूठ मूठ माती लोटली. शेवटी त्या वर उठल्या. त्या म्हणाल्या, "आये, आणला गं. सोलापूरला न्हवता." रडल्या नाहीत.

त्या दिवसापासून त्यांचे वागणे कसे झाले, ते मी सांगतो. रोज सकाळी त्या पूर्वीप्रमाणेच आंघोळ करून पाटावर बसत. डावा तळहात पुढे धरत. त्यावर काही नसे. त्या रिकाम्या तळहातावर पाणी घालत, विभूती लावत, बेलाचे पान ठेवत. मी एकदा सकाळी दूध द्यायला गेलो असता हे पाहिले आणि उंबऱ्यातूनच मागे फिरलो. लिंग गेलेल्या माणसाने अन्न घेऊ नये, असे त्यांच्यात जुने लोक मानत. आक्का अन्न घेत, पण फार थोडे. कडक भाकरीचा एक तुकडा दुधात बुडवून. मी त्यांना म्हणालो की स्वामींकडून दुसरे लिंग घ्यावे. त्या म्हणाल्या, "स्वामी इचारतील, पैलं कुठं गेलं. खोटं बोलू का खरं बोलू? खरं बोलले तर त्या पोराची नोकरी जाईल." पोरगा म्हणजे युवराज साहेब.

"मग मी मागनं काय सांगू?"

"मी हाय तवर गप ऱ्हा. मी गेल्यावर खरं सांग. आन माज्या हातात दुसरं ठिवू दिऊ नको. माजं हाय, काचंत हाय. एका माणसाला दोन नसत्यात."

आक्का माघात गेल्या. सकाळी तवा थंड दिसला म्हणून दगडाबाई आत गेल्या. आक्का पाटावर बसलेल्याच होत्या, भिंतीला टेकून.

त्यांचा मुलगा शिवपुत्र लातूरहून आला. दुपारी माती होती. खड्ड्यात आक्कांना बसवले. सोमलिंग स्वामींनी त्यांच्या गळ्यातली करडगी उघडली आणि त्यांचा हात तसाच थांबला. आत थोडी विभूती आणि कापूस होता.

"लिंग कुठं हाय?" स्वामींनी विचारले.

शिवपुत्राने कपाळाला हात लावला. कोणी म्हणाले, म्हातारीला भ्रम झाला होता, कुठंतरी टाकलं असेल. दुसरा म्हणाला, "शेवटी शेवटी देवच सोडला व्हता का काय तिनं?" तेव्हा मी पुढे झालो आणि सर्व सांगितले. जसे येथे लिहिले आहे तसेच, एवढेच की थोडक्यात.

सांगून झाल्यावर भावकीतला एक माणूस म्हणाला, "तू धनगर. तुला आमच्यातलं काय कळतंय? गप बस."

शिवपुत्र म्हणाला, "काका, म्हंजे आयनं सरकारी वस्तू चोरली?"

"सरकारी न्हाय. तुज्या आज्याची," मी म्हणालो.

स्वामींच्या झोळीत नवे लिंग होते. ते त्यांनी बाहेर काढले. मी हात जोडून आक्कांचे शेवटचे शब्द सांगितले, की दुसरे ठेवू नये. स्वामी ऐंशीच्या जवळचे आहेत. ते खड्ड्याच्या काठावर खाली बसले. बराच वेळ ते आक्कांच्या तोंडाकडे पाहत होते. माणसे कुजबुजत होती. मग त्यांनी नवे लिंग पुन्हा झोळीत ठेवले. चिमूटभर विभूती आक्कांच्या डाव्या तळहातावर ठेवून एकेक बोट दुमडून त्यांनी मूठ बंद केली.

"असं चालतंय का?" भावकीतल्या माणसाने विचारले.

"चालत न्हाय," स्वामी म्हणाले. "चालत न्हाय, हे तिला माहीत व्हतं."

तेव्हा लिंगाशिवाय ठेवलेल्या माणसाला माती देणार नाही, असे म्हणून निम्मी माणसे निघून गेली. ती आक्कांच्या हातची भाकरी खाल्लेली माणसे होती. ती चुकली असे मी म्हणत नाही. त्यांच्यात तसा नियम आहे आणि आक्कांनी तो समजून मोडला. शिवपुत्र जागचा हलला नाही, पण खाली वाकलाही नाही. युवराज साहेबांची यात काही चूक नाही. या लिखाणामुळे त्यांना त्रास झाला तर तो दोष माझा समजावा.

स्वामींनी पहिली मूठ टाकली. दुसरी मी टाकली. दगडाबाईंनी ओटीत माती भरून घेतली होती, ती त्यांनी ओतली. उरलेला खड्डा आम्ही फावड्याने भरला. त्याला बराच वेळ लागला, कारण माणसे कमी होती.